तोहिरभाईंचा हशर

काठोकाठ भरलेला कप बघून तोहिरभाई उठून उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "अच्छा, इजाज़त दीजिए." आमच्या घरी येऊन त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती. बायको ट्रे घेऊन तशीच उभी. मला हळूच म्हणाली, "अहो, चहात काही पडलंय का?"

उलगडा त्यांना थांबवून विचारल्यावर झाला. त्यांच्या उझबेकिस्तानात पाहुण्याला प्याला अर्धाच देतात. त्याने पुन्हा मागावा आणि बसावं म्हणून. प्याला भरला की समजायचं, आता निघा. आमच्यात अर्धा कप दिला तर पाहुणा गावभर नावं ठेवेल. त्या दिवशी हिने त्यांना अर्धा अर्धा करत सहा वेळा चहा पाजला.

अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी वेल्डिंग तपासायचो, तिथे त्यांच्या गॅस प्रकल्पासाठी मोठाल्या टाक्या बनत होत्या. ताश्कंदहून त्या प्रकल्पाचे मालक स्वतः येणार म्हटल्यावर आम्ही सुटाबुटातल्या माणसाची वाट बघत होतो. आला तो जाडजूड बूट घातलेला, भाजलेल्या बोटांचा माणूस. ऑफिसात न बसता थेट टाकीपाशी गेला आणि वेल्डिंगवरून अंगठा फिरवायला लागला. एके ठिकाणी थांबून मला म्हणाला, "भाई, ये बाहर से दुल्हन है, अंदर से बीमार." तपासलं तर खरंच आत पोकळी होती, आणि त्या जोडावर 'पास' म्हणून सही माझी. त्यांनी आमच्या कारखान्याच्या मालकांच्या कानावर घातलं असतं तर माझी नोकरी गेली असती. ते एवढंच म्हणाले, "फिर से करा लो. तब तक चाय पीते हैं."

तरुणपणी ते वाळवंटात पाइपलाइनवर वेल्डर होते. मग स्वतःची टोळी झाली, टोळीची कंपनी झाली, कंपनीने वीजघरं बांधली, कामगारांच्या वसाहती बांधल्या. हिंदी शिकले आपल्या सिनेमांतून आणि साइटवरच्या आपल्या फिटरांकडून. वसाहत उभी करायची तर आधी पाणी, मग शाळा आणि शेवटी घरं, हा त्यांचा क्रम. कितीतरी शाळा बांधल्या, पण स्वतःच्या नावाची पाटी कुठेच लावली नाही. त्यांची पद्धत म्हणजे हशर. सामान एकाने द्यायचं आणि राबायचं सगळ्या मोहल्ल्याने, देणाऱ्यानेसुद्धा. मग एकाच कढईतलं जेवायचं. म्हणायचे, "जिसने ईंट उठाई, वो खिड़की का काँच नहीं तोड़ेगा."

चिखलोलीच्या पुढे आमचा पाडा आहे. एका रविवारी त्यांना तिकडे नेलं. तिथल्या शाळेचं जागोजागी फुटलेलं छप्पर त्यांनी आत जाऊन नीट बघितलं. परतताना म्हणाले, "अगले इतवार हशर करते हैं. पत्रे मेरे, हाथ तुम्हारे." मी हो म्हटलं आणि माझा चुलतभाऊ पंढरी, जो गावात पुढारपण करतो, त्याला सांगितलं. तो हसला. "पावना हाय तो. त्याला घमेली उचलाया लावशील त लोकां काय बोलतीन?" मलाही ते पटलं. पटलं कसलं, बरंच वाटलं. मलाही परदेशी साहेबाबरोबर स्टेजवर बसायचं होतं.

रविवारी तोहिरभाई जुने कपडे, हातमोजे, टेम्पोत पत्रे असे हजर झाले. समोर मांडव, खुर्च्या, त्यांच्या फोटोचा बॅनर, आणि इस्त्रीचे कपडे घातलेला सगळा पाडा. शाल झाली, श्रीफळ झालं, चार भाषणं झाली. ते हातमोजे मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी माझ्याकडे वाकून त्यांनी विचारलं, "काम कब शुरू होगा?" मी म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की." दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं.

पुढचा रविवार आला नाही. काही पत्रे कोणाच्या लग्नाच्या मांडवाला गेले, काही कोणाच्या गोठ्यावर चढले, आणि मी कोणाला एका शब्दाने विचारलं नाही. महिन्याभराने त्यांचा फोन आला, "छत पड़ गई?" एवढ्या दुरून विचारणाऱ्या माणसाला काय सांगणार? मी म्हटलं, "हो, एका दिवसात. सगळा गाव राबला." ते इतके खूश झाले की फोटो मागितला. मी बदलापूरकडच्या एका शाळेचा फोटो पाठवला, निळ्या पत्र्यांचा. खोटं बोलायला मला फार कष्ट पडले नाहीत, याचीच आता लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा, अन्वरचा फोन आला. तोहिरभाई गेले होते. अन्वर बापासारखंच हिंदी बोलतो. म्हणाला, "चाचा, आपके स्कूल की तस्वीर उनके दफ़्तर में लगी है. हर हशर में लोगों को दिखाते थे, कि देखो, हिंदुस्तान के एक गाँव ने एक दिन में छत डाल दी." त्याला ती शाळा बघायला यायचं होतं.

मी पाड्यावर धावलो. म्हटलं, आता तरी चार माणसं जमवू, स्वतः शिडीवर चढू. शाळेला कुलूप होतं. दोन वर्षांपूर्वीच बंद झाली, पंढरी म्हणाला. पोरं कमी होत गेली. छप्पर आत कोसळलं होतं आणि फळ्यापर्यंत गवत वाढलं होतं. कारखान्यातला तो फसलेला जोड त्यांनी मला पुन्हा करून घेऊ दिला होता, इथलं काम मात्र मी वेळ होता तोवर केलं नाही.

घरी येऊन अन्वरला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मांडव, शाल, तो फोटो, सगळं. म्हटलं, तो फोटो काढून टाक. वाटलं होतं, पोरगा चिडेल, बापाला फसवलंत म्हणेल. पण त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "फिर बच्चे बारिश में कहाँ बैठते थे, चाचा?"

मी म्हटलं, "बारिश में छुट्टी दे देते थे."