झेंड्याआधीच सुटलेला गाडा

आणे गावच्या पठारावर चिमाजीचा आवाज कोणाला माहीत नव्हता! बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, समालोचनाचा माइक त्याच्याच हातात असायचा. झेंडा पडून गाडा सुटला की हा गडी असा काही पेटायचा की शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्याही अंगात यायचं. पैलवानासारखी छाती, तंबाखूचंसुद्धा व्यसन नाही. असा माणूस भर यात्रेत माइकसकट कोसळला, तेव्हा लोक म्हणाले, देवाचं काहीतरी चुकलं असणार.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समजेल असं सांगितलं. हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं. ठोक्याच्या वेळी कोठाराची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आवळतो. मग ते परत आत ओढलं जातं आणि स्नायू सैल पडतो.

"तुमची दारं नीट लागत नाहीत. पळताना, ओरडताना कोठार जास्त भरतं आणि दोन ठोक्यांच्या मधेच गळायला लागतं."

"म्हंजी झेंडा पडायच्या आधीच गाडा सुटतो," चिमाजी म्हणाला.

"अगदी तसंच. असे गाडे एकामागून एक उधळले की माणूस उभ्या जागी जातो. गोळी रोज घ्या. आणि हे रक्तातून पुढं जातं. दोन्ही मुलांना तपासायला आणा."

दोन्ही, असं बाई स्वच्छ म्हणाल्या होत्या. चिमाजीनं नेलं एकट्या मुलाला, शौर्यला. थोरली श्रेया आठवीत होती, वाऱ्यासारखी पळायची. त्याची बायको प्रतिभा म्हणाली, "पोरीला बी न्या की. मागं विहिरीवरनं पळत येताना तिला चक्कर आली व्हती."

"उपाशी व्हती म्हणून आली. बापाचं ते पोराकडं जातं, जमीन असू दे न्हाईतर दुखणं. आन् तिच्या नावावर हे चढवलं तर उद्या सोयरीक कोण करील?"

शौर्यमध्ये काही निघालं नाही. चिमाजीनं गावात पेढे वाटले. शहाणा माणूस! सातबाऱ्यावर पोरीचं नाव न लावणाऱ्यांना वाटतं, रक्तसुद्धा तलाठ्याला विचारून वाहतं.

गोळ्यांनी त्याचा जीव वाचला, पण आवाजातली धग गेली. घाटात पोरं ओरडली, "चिमाजीभाऊ, गाडा पळतोय का मयत चाललीया?" लोक पोट धरून हसले. पुढच्या यात्रेला माइक दुसऱ्याकडं गेला आणि चिमाजी आतल्या आत जळत राहिला.

हिवाळ्यात शाळेच्या खेळांना गुरुजींनी कीव करून त्याला माइक दिला. मुलींची धावण्याची शर्यत लागली. प्रतिभाही बघायला आली होती. श्रेया मागं पडलेली बघून चिमाजीला राहवेना. जुना आवाज कुठून तरी वर आला.

"आली, आली, आली! पळ श्रेया! बापाचं नाव राख! अजून जोर, अजून!"

मैदान उठून उभं राहिलं. पोरीनं एकदा बापाकडं बघितलं, हसली आणि जीव खाऊन पळाली. पुढच्या दोघींना तिनं मागं टाकलं. फीत हाताशी आली आणि ती तोंडावर पडली.

"पाय अडकला राव पोरीचा!" चिमाजी माइकवरून म्हणाला. "ऊठ, ऊठ, फीत समोरच हाय!"

सगळं मैदान हसलं. चिमाजीही हसला. श्रेया उठली नाही.

प्रतिभाची किंकाळी ऐकून तो धावला. पोरीच्या छातीला कान लावला, आत काहीच नव्हतं. त्याच्या स्वतःच्या छातीत मात्र ठोके शिस्तीत पडत होते. सकाळी गोळी घेतली होती ना! नारायणगावच्या दवाखान्यात तिला फक्त न्यायचं म्हणून नेलं.

दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटली नाही. प्रतिभानं तांब्याभर पाणी आणि गोळी त्याच्यापुढं ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "तुमी जगा. तुमचं तपासून घेतलंय."

चिमाजीनं गोळी गिळली.