आधी सांगणाऱ्याला चहा

"चूक लपवू नका" म्हणून सगळ्या दुनियेला सांगणारा माझा भाऊ, स्वतःच्या छातीत दुखायलंय हे लपवून गेला.

दिलीप. माझ्या पाठचा. आज वर्ष झालं.

रडगाणं मला जमत न्हाई. थोडक्यात सांगते.

एअरफोर्समध्ये विमानांचा मेकॅनिक होता. रिटायर होऊन खासबागेत माझ्याकडंच आला आणि एका दवाखान्याचा कॉम्प्युटर सेक्शन सांभाळायला लागला.

मी म्हटलं, "विमान सोडून हे काय रं? त्या खोक्याला काय पंख हैत?"

"आक्का, माणूस तोच की. घाई तीच, झोप तीच. चुका बी त्याच."

मी सातवी शिकलेली. मला त्यातलं काय कळणार?

पण एकदा माझ्याकडनं चहात मीठ पडलं. मिठाचा आणि साखरेचा डबा एकसारखा, शेजारी-शेजारी. मी स्वतःलाच शिव्या घालत बसले.

तो उठला, मिठाच्या डब्याला सुतळी गुंडाळली.

"विमानाची चाकं खाली सोडायचा दांडा असतोय न्हवं, त्याच्या टोकाला बारकं चाकच बसवलेलं असतंय. न बघता हात लावला तरी कळायला पाहिजे. तू येडी न्हाईस आक्का. डबं येडं हैत."

तवा मला कळलं, हा तिकडं काय करतोय ते.

त्याच्या हाताखाली येळ्ळूरची सुषमा होती. भर ओपीडीच्या टायमाला तिला टेस्टिंगचा सर्व्हर बंद करायचा होता. दोन्हीच्या स्क्रीन सारख्याच निळ्या, तिनं चालू कामाचाच बंद केला.

केसपेपर निघंनात. लाईन पार रस्त्यापर्यंत.

पोरगी पळत दिलीपकडं गेली. "सर, माझ्याकडनं झालं."

मोठे साहेब म्हणाले, "हिला आजच काढा."

दिलीप म्हणाला, "काढा की. उद्या दुसरी येईल. स्क्रीन दोन्ही निळ्याच ऱ्हाणार, ती बी तेच बटण दाबणार. आणि हिनं लगेच सांगितलं म्हणून लगेच चालू झालं साहेब. हिला काढलासा तर परत कोण सांगणार?"

सुषमा ऱ्हायली. चालू कामाची स्क्रीन लाल झाली. काय बी बंद करायच्या आधी त्याचं नाव मोठ्यानं वाचायचं, शेजारच्यानं ते परत म्हणायचं, तवाच बटण.

आणि तिला त्या दिवशी दिलीपनं स्वतः चहा पाजला. विमानाच्या शेडमधली त्यांची रीत. एखादा पाना सापडंना झाला की, इंजिनात ऱ्हायला असंल म्हणून, विमान जाग्यावरनं हलत न्हाई. "माझ्याकडनं हरवला" म्हणून जो आधी सांगतोय त्याला शिव्या न्हाईत, चहा.

असला माणूस.

आणि शेवटच्या आठवड्यात जिन्यात थांबून छाती चोळायला लागला.

"काय होतंय रं?"

"ॲसिडिटी, आक्का. उगं गाजावाजा नको."

आमच्या घराण्याचंच ते. गाजावाजा नको.

काल वर्षश्राद्धाच्या तयारीत माझ्या जावांनी सगळं डबं घासून लख्ख केलं. सुतळी काढून टाकली. घाण दिसत होती म्हणे.

आज सकाळी माझ्या चहात परत मीठ.

घरात कोण न्हाई. तरी तोंडातनं गेलंच, "दिलीप, चहात मीठ पडलं रं."

"आक्का, आधी सांगितलासा न्हवं? बसा. चहा मी करते."

दारात सुषमा. हातात फोटोसाठी हार.

तिनं दोन कप चहा केला. मग सुतळी शोधून मिठाच्या डब्याला गुंडाळली, दिलीप असताना येऊन बघितलेली तशीच, अगदी त्याच्यासारखी, गाठ मागं. मला म्हणाली, "हात लावून बघा."

मी डोळे मिटून हात लावला. लई वेळ हात काढवंना.

दिलीप, तू तेवढं सांगायला पाहिजे होतंस रं.

शिव्या घातल्या नसत्या. चहा ठेवला असता.

तुमच्यापैकी कुणाला कुठं दुखत असंल तर आजच घरात सांगा. गाजावाजा झाला तर होऊ द्या.

जा दिलीप, नीट जा. तुझी आठवण लई येते.

— तुझी आक्का