राखून ठेवलेली गळती

पंपघरातल्या फिटरला सगळे 'आवळ्या' म्हणत. काही गळताना दिसलं की त्याचा हात आधी पान्याकडे जाई, डोकं मागाहून पोचे. पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा चहा निवत ठेवून त्याने मोरीचा नळ दुरुस्त केला होता. बायको तो किस्सा अजून रंगवून सांगते.

नेमक्या अशा माणसाच्या गळ्यात एक गळती सांभाळायचं काम पडलं. मागच्या भिंतीवर, कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या पाण्याच्या जुन्या पाइपच्या सांध्याखाली, तळहाताएवढं शेवाळ होतं. पाय घसरू नये म्हणून आपण खरवडून काढतो, त्यातलं नव्हे. संशोधक बाई म्हणाल्या होत्या, "काका, हे एवढंच उरलंय, दुसरीकडे कुठे सापडत नाही. हा थेंब थांबला की संपलं. आणि नळाचं पाणी मारू नका, त्यातल्या औषधाने मरेल."

सुट्टीनंतर कामावर आला आणि आधी मागच्या भिंतीकडे गेला. भिंत कोरडी होती. शेवाळ तपकिरी होऊन आखडलं होतं. कोणी हा उद्योग केला म्हणून तो ओरडणार, तोच त्याला नटावरचे ताजे ओरखडे दिसले. त्याच्या पान्याचा एक दात तुटलेला आहे. ओरखड्यांतही तेवढीच जागा कोरी होती. घरी निघताना, जाता जाता, त्यानेच आवळला होता. आणि त्याला ते अजिबात आठवत नव्हतं. तो आपल्याच हाताला भ्यायला.

नट सैल करायला त्याने पाना लावला. पाइप गंजलेला. नट जरा जास्त फिरला तर धार सुटून उरलंसुरलं धुऊन नेईल. जन्मभर आवळलं, सैल किती करायचं हे कधी शिकलाच नव्हता. केसभर फिरवायचा, थांबायचा, कान लावायचा. एकदा पाणी फुसकन उडालं, तेव्हा त्याने तळहात आडवा धरला. अखेर एक थेंब पडला, मग दुसरा. मग त्याने बाईंना फोन लावला.

बाई आल्या, भिंग लावून शेवाळ बघितलं. "वरचं गेलं. खालचं उघडतंय, पण जगेल का ते आत्ता नाही सांगता येणार."

"मीच आवळला, बाई. मला कळलंसुद्धा नाही. मला इथून हलवा, उद्या परत होईल माझ्याकडून."

"हलवलं, आणि हा थेंब परत बंद पडला, तर असा लावून कोण देणार?"

बाई गेल्यावर तो पाना दाराबाहेर ठेवून आला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून थेंबासमोर बसून राहिला.