फळ्यावर टेकलेलं बोट

खडूची ती करकर अजून माझ्या कानात आहे. सत्तरच्या दशकातलं सोलापूर, मार्चचं रखरखीत ऊन, खिडकीतून येणारी मागांची अखंड खटखट, आणि त्यात आमच्या गणिताच्या सरांचा संथ, सावध खडू. उजव्या हातानं ते आकडे लिहीत आणि डाव्या हाताचं बोट शेवटच्या आकड्याखाली टेकवून ठेवीत. विणकर तुटलेला धागा चाचपतो, तसं. विणकराच्याच घरातले ते, तेव्हा मुलं म्हणत, रक्तातली सवय हाय की. मला ते पटत नसे. मी मुळात संशयी. पहिल्या बाकावरून मला ते बोट सवयीचं नव्हे, गरजेचं वाटे.

मग मी पाळतच ठेवली. सर वह्या हातात घेत नसत; प्रत्येकाला जवळ उभं करून गणित मोठ्यानं वाचायला लावीत. पायरी चुकली की तिथंच थांबवीत आणि इतक्या मायेनं समजावीत की ढ मुलालाही आपण हुशार आहोत असं वाटे. कुणी आत आलं, की आधी आवाज ऐकत, मग त्या दिशेला हसत. हे निव्वळ वात्सल्य होतं, की दृष्टीची साथ सुटलेल्या माणसाची जपून चाललेली वाटचाल? पण बोलणार कुणापाशी? गोष्ट फुटली असती तर सरांना घरी बसवलं असतं. आमचा जीव होता हो त्यांच्यावर.

त्याच वर्षी शाळेची तपासणी आली. साहेबांनी स्वतः फळ्यावर गणित लिहिलं. सरांनी त्यातला नऊ हा एक समजून भराभर सोडवायला घेतलं. साहेबांची भुवई चढली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा इक्बाल उठला, वर्गातला अव्वल टवाळ. "सर, मुद्दाम चुकलात ना? आमची परीक्षा घ्यायला?" सर त्या आवाजाच्या दिशेला हसले. "मुद्दामच की. कुठं चुकलं, सांग." साहेब खूश होऊन गेले. पुढे 'सर, मुद्दाम ना?' हा वर्गाचा मंत्रच झाला. पण इक्बाल खरंच भाबडेपणानं बोलला, की त्याला ठाऊक होतं? विचारावं तर गुपित फुटणार. तो संशय आयुष्यभर सोबत राहिला.

सर गेल्यावर आम्ही जुने विद्यार्थी त्याच वर्गात जमलो. जो तो उठून सांगत होता, सर मुद्दाम चुका करून शिकवायचे. मी मनातून कुढत होते. यांना काहीच कळलं नाही, ते ओझं मी एकटीनं वाहिलं. खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा अभिमानही होता. मग सगळ्यांनी इक्बालला सरांची नक्कल करायला लावलं. आता ट्रकांचा धंदा करणारा, पांढऱ्या दाढीचा इक्बाल फळ्यापाशी गेला. त्यानं खडू उचलला, डाव्या हाताचं बोट टेकवलं, आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.

हसू थांबलं. खडू करकरला, तसाच संथ, तसाच सावध. मी मागं वळून एकेकाचा चेहरा पाहिला. कुणी पदर डोळ्यांना लावला होता, कुणी मान खाली घातली होती. डोळे का मिटलेस, असं त्याला वर्गातल्या एकानंही विचारलं नाही.