घरी गेलं की मंद होणारा टॅबलेट

इंगळे काकांनी तिसऱ्यांदा तोच टॅबलेट माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, घरी नेला का पुन्हा तसंच."

टॅबलेट त्यांनी एका धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. सकाळच्या गाडीने ते मूर्तिजापूरहून अकोल्याला यायचे आणि आमचं सर्व्हिस सेंटर उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले असायचे. पोस्टातून रिटायर झालेले. वय सत्तरीच्या पुढे. शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली. तक्रार साधी होती. व्हिडिओ लावला की थोड्या वेळाने स्क्रीन मंद होत जाते, मग जवळजवळ काळी पडते. आवाज मात्र चालू राहतो.

मी या कामात एकोणीस वर्षं आहे. आधी बटणांचे फोन दुरुस्त केले, आता टॅबलेट करते. स्क्रीन मंद होण्याची कारणं मला पाठ आहेत. त्यामुळे पहिल्या वेळी मी त्यांना अर्ध्या तासात मोकळं केलं होतं.

तेव्हा मे महिना चालू होता. टॅबलेटच्या पुढच्या बाजूला, कॅमेऱ्याशेजारी, एक बारीक ठिपका असतो. तो लाइट सेन्सर. खोलीतला उजेड कमी झाला की तो स्क्रीनही आपोआप मंद करतो. ते सेटिंग मी बंद केलं. बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीन मंद करणारं दुसरं सेटिंग असतं, तेही बंद केलं. तिसरं कारण उन्हाळा. आमच्याकडच्या मे महिन्यात टॅबलेट इतका तापतो की आतलं सर्किट जळू नये म्हणून तो स्वतःच ब्राइटनेस उतरवतो. मी काकांना सांगितलं, जाड कव्हर काढा, खिडकीजवळ ठेवू नका. त्यांनी सगळं एका कागदावर लिहून घेतलं. अक्षर सुंदर होतं.

दहा दिवसांनी ते परत आले. या वेळी मी टॅबलेट पूर्ण रिसेट केला. त्यांचा व्हिडिओ मेमरी कार्डात होता, तो सुरक्षित राहिला. त्यांच्या मुलीने इन्स्टॉल करून दिलेलं व्हिडिओ प्लेअरचं ॲप मी पुन्हा टाकलं. वॉरंटी होती म्हणून डिस्प्लेसुद्धा बदलला. मग टेबलावर चार तास सलग व्हिडिओ चालवून पाहिला. उजेड जरासुद्धा कमी झाला नाही.

"पाहताना हातात धरता का?" मी विचारलं होतं.

"नाई. स्टँडवर ठेवतो."

"आणखी काही वेगळं होतं?"

"आवाजई कधी कधी अचानक मोठा होते. पन ते माह्या कानाचं असन."

मलाही ते कानाचंच वाटलं. मी ते लिहून घेतलं नाही.

आणि आता तिसरी वेळ. एकच तक्रार तीनदा आली की आमच्याकडे तिला रिपीट केस म्हणतात. ती कॉम्प्युटरवर लाल रंगात दिसते, आणि नागपूरला बसलेल्या एरिया मॅनेजरलाही दिसते. दुपारी त्यांचा फोन आलाच.

"मॅडम, हा मूर्तिजापूरचा टॅबलेट काय प्रकार आहे?"

"सर, सगळं तपासलं. इथे मंद होतच नाही."

"मग 'नो फॉल्ट फाउंड' टाका आणि बंद करा."

"पण त्यांच्या घरी होतो म्हणतात."

"वय काय त्यांचं?"

"सत्तरच्या वर."

"डोळे तपासून घ्या म्हणावं," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

'नो फॉल्ट फाउंड' म्हणजे वस्तूत दोष सापडला नाही. ग्राहकाला त्याचा अर्थ कळतो तो असा, की तुम्ही खोटं बोलता किंवा तुम्हाला समजत नाही. मी ते शक्य तितक्या मऊ शब्दांत काकांना सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टॉवेल पसरला आणि टॅबलेट गुंडाळायला घेतला.

"म्हंजे हे होनार नाई."

"दोन दिवस ठेवून जा. आणखी एकदा बघते."

"ठेवला असता. पन चार वाजता लागते."

"चार वाजता काय असतं?"

"लागते," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

ते 'लागते' मला पुढचे तीन दिवस टोचत राहिलं. खरं सांगायचं तर मी जे केलं ते केवळ कर्तव्य म्हणून केलं नाही. आई गेल्यापासून घरात मी एकटी असते. रविवारी सकाळी अकरापर्यंत धुणंभांडी उरकतात आणि मग दिवस तसाच समोर पडून राहतो. त्या रविवारी मी काकांना फोन केला, पत्ता विचारला आणि दुपारची गाडी पकडली.

स्टेशनमागे दहा मिनिटं चालल्यावर घर लागलं. दोन खोल्या आणि पुढे फरशीची ओसरी. जाळीच्या दाराला आतून वरच्या चौकटीजवळ एक नवी कडी बसवलेली होती. काकांना हात उंच करावा लागला तेव्हा ती निघाली.

"तुमी खरंच आल्या," ते म्हणाले.

आत खिडकीशी एक बाई बसल्या होत्या. गोऱ्या, बारीक, केस नीट विंचरलेले. मांडीवर उशीची खोळ होती. त्या तिची घडी घालत होत्या, मोडत होत्या, परत घालत होत्या.

"हे कोन?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्तीवाल्या मॅडम हायेत, सुमन."

"जेवली का तू?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटल्यावर पुन्हा घडीकडे वळल्या.

काका मला ओसरीवर घेऊन आले आणि हलक्या आवाजात बोलले. "दोन वर्सं झाले. आधी भाजीत मीठ दोनदा पडे. मंग बजारातून घरी येतानी रस्ता चुकली. डॉक्टर म्हने, हे वाढतच जानार. आता मले वयखत नाई. भाऊ म्हनते मले."

"मला सांगितलं का नाही काका?"

"तुमी इचारलं नाई. अन् सांगून काय होते? लोकायले सांगितलं, ते येनं बंद झाले. शेजारची एक म्हातारी तेवढी बसते इच्यापाशी, मी अकोल्याले आलो का."

मग चारचं प्रकरण कळलं. रोज चारच्या सुमारास सुमनताई अस्वस्थ व्हायच्या. वैशालीची शाळा सुटली, तिला आणायला जायचं, म्हणून उठायच्या. त्यांची वैशाली आज बेंगळुरूला नोकरीत आहे, तिचीच मुलगी शाळेत जाते. वैशालीने कधीतरी त्या नातीचा एक व्हिडिओ पाठवला होता. काकांनी तो एकदा सहज लावला आणि सुमनताई शांत बसल्या. नातीला त्या वैशाली समजल्या. पोरगी घरी आलेली आहे, समोर आहे, मग आणायला जायचं कशाला? तेव्हापासून रोज चार वाजता तोच अकरा मिनिटांचा व्हिडिओ. स्क्रीन काळी पडायला लागली तेव्हा मात्र उलटं झालं. पोरगी अंधारात गेली म्हणून त्या दाराकडे धावायला लागल्या. एकदा काका चहा ठेवायला आत गेले असताना त्या थेट रेल्वे फाटकापर्यंत पोचल्या होत्या. वरची कडी त्यानंतरची.

पावणेचार झाले होते. मी म्हटलं, "आज मी इथे बसून बघते. तुम्ही रोज करता तसंच करा."

त्यांनी टॅबलेट स्टँडवर ठेवला, व्हिडिओ लावला आणि सवयीने चहा करायला आत गेले. मी सुमनताईंच्या मागे उभी राहिले. पडद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी डाव्या बाजूला बसून आंबा खात होती. कोपरापर्यंत रस, गालावर रस, हनुवटीवर रस. अधूनमधून काहीतरी गाणंही म्हणत होती.

"किती माखलं गं माय," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला आणि अंगठ्याने मुलीचा गाल वरून खाली पुसला.

स्क्रीन थोडी मंद झाली.

त्यांनी परत पुसला. आणखी मंद. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. कोपऱ्यात क्षणभर सूर्याचं छोटं चिन्ह उमटत होतं आणि त्याखालचा आकडा उतरत होता. मी एकोणीस वर्षं ते चिन्ह बघत आले आहे.

काही व्हिडिओ प्लेअरमध्ये एक सोय असते. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागावर बोट वर नेलं की उजेड वाढतो, खाली आणलं की कमी होतो. उजव्या भागावर आवाजाचं तसंच. हा उजेड त्या प्लेअरपुरताच असतो. व्हिडिओ बंद केला की टॅबलेट पुन्हा लख्ख. म्हणून माझ्या टेबलावर तो कधीच मंद दिसला नाही. मी चार तास व्हिडिओ चालवला होता, पण त्याला एकदाही हात लावला नव्हता. आणि अधूनमधून वाढणारा आवाज काकांच्या कानाचा नव्हता, उजवीकडे वर सरकलेल्या बोटाचा होता.

स्क्रीन काळी झाली. सुमनताई ताडकन उठल्या. "माही पोरगी! दिवा लावा ना कोनी!"

काका आतून धावत आले आणि दारात आडवे झाले. "भाऊ, सरका," त्या रडत म्हणत होत्या, "तिले अंधाराचं भेव वाटते." काका दोन्ही हात पसरून उभे राहिले. ते असे रोज उभे राहत असणार.

मी प्लेअरचं सेटिंग उघडलं. बोटाने उजेड बदलायची सोय बंद केली, आवाजाची बंद केली, पुढे-मागे सरकवायची तीही बंद केली. तीन बटणं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. व्हिडिओ परत सुरुवातीपासून लावला आणि टॅबलेट त्यांच्यासमोर धरला.

त्या हळूहळू येऊन बसल्या. गाल पुसायला लागल्या. उजेड तसाच राहिला. पुसत राहिल्या, पुसत राहिल्या. रस काही निघत नव्हता.

"निंघून नाई राहिलं," त्या काकुळतीने म्हणाल्या.

सेटिंगमध्ये रस पुसायचं बटण नसतं. काका त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि आम्ही तिघं तो व्हिडिओ बघत राहिलो.

दहावं मिनिट उलटलं. पडद्याच्या बाहेरून एक हात आत आला. हातात ओला रुमाल होता. त्या हाताने पोरीचा गाल, हनुवटी, नाक, सगळं खसाखसा पुसलं. पोरगी ओरडली आणि मग हसली. व्हिडिओ संपला.

"झालं," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी मांडीवरची खोळ उचलली आणि घडी घालायला घेतली.

काका म्हणाले, "मे महिन्यापासून इथवर पोचलोच नोतो आमी. वैशालीचा हात हाये तो."

सोमवारी मी केस बंद करायला बसले. कॉम्प्युटरवर कारणांची यादी असते. सगळं ऐकून साहेबांनी फोनवरच सुचवलं, "चुकीचा वापर टाका, मॅडम. पोरीचं तोंड पुसायला टॅबलेट नसतो." मी 'सॉफ्टवेअर सेटिंग' टाकलं. ते म्हणाले, मग दोष आपल्याकडे येतो. मी म्हटलं, येऊ द्या.

आता कोणीही मंद स्क्रीन घेऊन आलं की मी दोन प्रश्न विचारते. पाहतं कोण? आणि पाहताना हात कुठे असतो? लोक चमकतात, पण सांगतात. निम्मी दुरुस्ती तिथेच होते. उरलेल्या निम्म्यासाठी माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे.