कागदावर न आलेला तरोटा

माझा सगळा धंदा दुसऱ्यांच्या घर सोडण्यावर उभा राहिला. इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेला माणूस कंपनीचं क्वार्टर खाली करतो, तेव्हा कूलर, दिवाण, लोखंडी कपाट असं सगळं त्याला गावी नेता येत नाही. अशा दारात मी ते विकत घ्यायला पोचायचो. कॅम्प-१ या कामगारवस्तीतल्या एका खोलीतून, सायकलच्या कॅरियरवर पंखे बांधून सुरुवात केली आणि पुढे स्वतःचं गोदाम केलं. भावात मी कुणाला ऐकत नाही. आवाज चढतो, शिव्याही जातात तोंडून. पण एक नियम पाळला. घासाघीस वाटेल तेवढी करावी, उठून जायचं नाटकही करावं, मात्र एकदा "जमलं" म्हटलं की शब्द फिरवायचा नाही. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही गवतापायी.

शहराबाहेर उतईच्या वाटेवर जमीन घ्यायची ठरली ती बायकोसाठी. ती प्लांटच्या सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये वाढलेली. वडिलांच्या मागच्या अंगणात वांगी, कुंदरू, मुनगा असं सगळं पाहिलेली. तिला घर लहान चाललं असतं, अंगण लहान चालणार नव्हतं.

जमीन एका छत्तीसगढी म्हाताऱ्या जोडप्याची होती. कागद म्हाताऱ्याच्या नावावर, पण बोलणी सगळी म्हातारीची. तीन दिवस आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो. तिसऱ्या दिवशी मी तिला माझ्या भावावर आणलं आणि उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "एक बात अउ, बाबू. असाढ़ म भाजी टोरे बर आहूं. मना झन करबे."

आषाढात भाजी खुडायला येईन, नाही म्हणू नकोस, एवढंच तिचं मागणं. मागच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून एक ओलसर पट्टा होता. तिथं दरवर्षी चरोटा माजायचा. आम्ही भंडाऱ्याकडचे लोक त्याला तरोटा म्हणतो, तिकडे पुण्या-कोकणात टाकळा म्हणतात. कोवळा असताना पानांची भाजी होते, नंतर नुसतं रान. आजूबाजूच्या बांधांवर प्लॉट पडले होते, तिला भाजी खुडायला हाच तुकडा उरला होता. माझं तर काहीच जात नव्हतं. फुकटात सौदा पक्का होत होता.

"ये ना दाई, रोज ये," मी तिला इकडच्या रीतीनं आईची हाक मारत म्हणालो. "जमलं."

पुढे कंपाउंड घालायच्या वेळी मोजणी केली, तर पूर्वेकडून जमीन तीन हात कमी भरली. माझं डोकं फिरलं. त्यांना हे ठाऊक होतं, असं मी तेव्हा धरून चाललो. सगळ्या ओळखीच्यांना सांगत सुटलो की मला, मला या लोकांनी फसवलं. म्हातारा म्हणाला, बापजाद्यापासून धुरा इथंच आहे. ते मी ऐकून घेतलं नाही.

पहिल्या आषाढात म्हातारी टोपली घेऊन आली. मागच्या फाटकातून आत यायची, वाकून फक्त शेंड्याची पानं खुडायची, जाताना दोन मुठी बायकोच्या सुपात टाकायची. बायको लसूण आणि लाल मिरची घालून ती भाजी करायची. मी तोंड लावायचो नाही. कॅम्पमध्ये लहानपणी महिन्याच्या शेवटी आई हेच शिजवायची. तो वास आला की मला ती खोली आठवायची. एवढं कमावलं ते पुन्हा तरोटा खायला का?

दुसऱ्या वर्षी बायकोच्या बागेला कीड लागली. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा चिकटा, वांग्यांत अळी, भेंडीच्या पानांखाली मावा. ती बिचारी रोज सकाळी साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून एकेक फांदी पुसायची, किडलेली वांगी वेगळी काढून खड्ड्यात पुरायची. मला कारण शोधायला फार वेळ लागला नाही.

"हे सारं त्या रानातून येऊन राहिलं," मी म्हणालो. "म्हातारीनं कमी जमीन देली अन् वरून किडे देले."

"जास्वंदीचा चिकटा तरोट्यातून येते का जी? नर्सरीतून आणली तवाच होता थोडा."

"मी उद्या दवा मारतो. साफ करतो सारं."

"मारा. पण त्या दाईले सांगून तं द्या. कबूल केलं व्हतं तुम्ही."

"कावून सांगू? जागा माही हाये. कागदात भाजी लिहिली हाये का कुठं?"

"तुमच्या तोंडून हे आयकलं नव्हतं कधी," ती म्हणाली आणि आत गेली.

पाठीवरचा पंप आणून मी स्वतः तणनाशक मारलं. मजूर लावला नाही. पट्ट्याचा एक कोपरा सोडला नाही. अशी दवा लगेच दिसत नाही. दोन दिवस पानं हिरवीगार राहतात, मग पिवळी पडतात.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मागच्या ओट्यावर चहा घेत होतो आणि म्हातारी फाटकातून आत आली. मला हात दाखवला आणि खाली बसून खुडायला लागली.

मी बोललो नाही.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. चहा संपायला आला होता, एवढं आठवतं. तिला खाऊ द्यायचं माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण सांगायचं कसं, याचे शब्द जुळत नव्हते. धंद्यात मला कधी शब्द कमी पडला नाही. तिथं पडला. तिची टोपली अर्धी भरली होती, तेव्हा बायको आतून धावत आली.

"दाई, मत तोड़! दवाई मारी है उसमें!"

म्हातारी उठली. बायकोकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "दवई डारे हस?"

मी काय करावं? मी तीन हातांचं गाऱ्हाणं सुरू केलं. धुरा, मोजणी, फसवणूक, सगळं मोठ्या आवाजात. तिनं ते पुरतं ऐकलं. मग टोपली तिथंच उपडी केली.

"मोर नाती मन खातिन येला," ती म्हणाली. माझ्या नातवंडांनी खाल्ली असती ही भाजी. बायकोनं बादली पुढे केली, साबण दिला. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि रिकामी टोपली घेऊन गेली.

तरोटा मेला. चिकटा मात्र जास्वंदीवर तसाच राहिला, वांग्यातली अळीही राहिली. पुढच्या पावसाळ्यात त्या मोकळ्या पट्ट्यात गाजरगवत उगवलं. पांढऱ्या बारीक फुलांचं, कमरेएवढं. मी उपटलं, दुप्पट आलं. बायकोनं नुसत्या हातांनी उपटलं, तर कोपरापर्यंत पुरळ उठलं. सकाळी अंगणात गेली की शिंका थांबत नसत. ज्या अंगणासाठी जमीन घेतली, तिथं ती तोंडाला ओढणी बांधून जायला लागली.

तिच्या नर्सरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तिथं चरोटा होता ना? तो दाट असला की हे गवत उठत नाही. तुम्हीच त्याची जागा मोकळी करून दिली."

म्हणजे दोन वर्षं म्हातारीचं रान माझ्या बागेची राखण करत होतं.

तरोट्याचं बी रस्त्याच्या कडेलाही मिळालं असतं. तरी मी तिच्या घरी गेलो. मला जायला निमित्त हवं होतं. ती अंगणात चरोट्याच्या शेंगा वाळवून झोडपत होती. ते बी व्यापारी नेतात. मी बी मागितलं. तिनं सूपभर पिशवीत ओतलं. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "काय घेशील याचं?"

"कचरा के का भाव, बाबू?" ती म्हणाली. "तैं तो भाव जानथस." भाव तर तू जाणतोस.

मी पिशवीचं तोंड बांधलं. मग कसंबसं म्हणालो, "असाढ़मध्ये ये, दाई. आता कुठलीच दवा मारणार नाही."

"देखबो," ती म्हणाली.

"बघू." चाळीस वर्षं हा शब्द मी गिऱ्हाइकाकडून ऐकत आलोय. असं म्हणून दुकानाची पायरी उतरलेला माणूस सहसा परत येत नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

बी टाकून तीन पावसाळे झाले. तरोटा दाट झालाय, गाजरगवत काठाकाठाला उरलंय. बायको पुन्हा उघड्या तोंडानं बागेत जाते. ते तीन हात मला अजूनही खटकतात, खोटं कशाला सांगू. पण आता ते कुणाला सांगत नाही. सांगायला गेलो की मागोमाग तो चहा आठवतो.

आषाढ लागला की मी मागच्या फाटकाची कडी काढून ठेवतो. बायको आम्हा दोघांपुरतं खुडते. आता मी खातो. बाकीची पानं निबर होतात, पिवळी फुलं येतात, शेंगा धरतात.

परवा सकाळी बायको भाजी खुडून आत येताना म्हणाली, "फाटक लावू का जी? रस्त्यावरच्या गाई अंदर येऊन राहिल्या."

"राहू दे," मी म्हणालो. "तरोट्याले गाय तोंड लावत नाही."