गिअरासुराची बोली

मी वर्ध्याला घरी बसून मुलांची चित्रकथा-पुस्तकं इंग्रजीतून मराठीत करते. चित्रं तयार असतात. पात्रांच्या तोंडाजवळचे फुगे रिकामे करून पाठवतात, ते मी भरायचे. फुगा लहान असतो आणि वाक्य मोठं होत जातं, त्यामुळे काम दिसतं तेवढं सोपं नाही.

गेल्या वर्षी एका पुस्तकात एक किरकोळ खलनायक आला. छातीला मोटारीची जाळी, खांद्यांवर दोन हेडलाइट, पायांना चाकं. शहरातल्या सगळ्या गाड्या त्याच्या हुकमावर चालायच्या. मधल्या काही पानांत तो रस्ते अडवतो, पँटवर चड्डी घातलेला नायक त्याला पकडून गरगरा फिरवतो, आपटतो, तो ओकतो, आणि कोर्टात जाऊन संपतो. मूळ नावात दम नव्हता, म्हणून मी त्याला गिअरासुर केलं. ओकायच्या चित्रात मुळात नुसतं ‘मला कसंतरी होतंय’ अशा अर्थाचं होतं. मी लिहिलं, ‘मला गाडी लागते.’ मोटारींचा राजा, आणि त्यालाच गाडी लागते. हा विनोद मराठीत आयता पडलेला होता, मी फक्त उचलला.

संपादक पुण्याचे, माझ्याहून वयाने बरेच लहान. त्यांचा फोन आला.

“ताई, ‘गाडी लागते’ झकास आहे. पण ‘मले गाडी लागते’ केलं तर? या गिअरासुराला पूर्ण तुमच्याकडचं बोलू द्या. धमाल येईल.”

“आणि नायकाला?”

ते हसले. “नायक कसा बोलेल तसं?”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी मला थकल्यासारखं झालं. नाटकात घरगडी, मालिकेत भुरटा चोर, जाहिरातीत बावळट पाहुणा. आमची बोली कुणाच्या तोंडी देतात ते नव्याने कळायचं राहिलं नव्हतं. पण मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून खोटी वऱ्हाडी भरून घेतली असती. त्यापेक्षा आपणच नीट करावी म्हणून बसले.

वाक्यं भराभर सुचली, कारण ती घरातच होती. माझा नवरा एसटीवर ड्रायव्हर आहे, वर्धा-समुद्रपूर फेरी त्याची. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मी पानं वाचून दाखवली.

“‘सरका ना मांगं. जागा काय आता वरून पडन?’”

तो हसला. “पुढं?”

“‘एवढी घाई होती तं काल काऊन नाई निघाले?’”

तो हसायचा थांबला. “हे तं मीच बोलतो वं.”

“हाव.”

“मंग तो चड्डीवाला मलेच आपटून राह्यला ना?”

“तुम्हाले नाई, गिअरासुराले.”

“एकच झालं.” त्याने भातावर वरण ओढलं. “आपटू दे. आमचं बोलणं पुस्तकात आलं, मार खायले आलं तं आलं.”

म्हणाला गमतीतच. पण पुढची पानं त्याने मागितली नाहीत. ताट उचलून मोरीत ठेवलं आणि बाहेर जाऊन बसला. हे काही मला पटलं नाही. आमच्या घरातलं बोलणं पुस्तकात जाणार असेल, तर फक्त मार खायला जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून काढलं. शहराचं नाव त्यात कुठेच नव्हतं. गिअरासुर त्याच शहरात जन्मला, तिथल्याच गॅरेजमध्ये वाढला, एवढं मात्र लिहिलेलं होतं. मग शहराची बोलीही तीच असणार. मी सगळ्यांना वऱ्हाडी दिली. ट्रॅफिक पोलिसाला दिली, महापौरबाईंना दिली, चष्मेवाल्या शास्त्रज्ञाला दिली, आणि शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशालाही. ‘तुले सात वर्षं अंदर राहा लागन. काही सांगाचं आहे का?’ नायक तेवढा प्रमाण मराठीत ठेवला. तो बाहेरून उडत येतो. असेल पुण्याचा.

फोन लगेच आला.

“ताई, महापौर असं बोलणार?”

“त्यांच्या गावचा गुंड बोलतो, मग त्यांनी का नाही बोलायचं?”

“पण मुलांना कळायला नको का?”

“गुंडाचं कळणार होतं ना.”

ते म्हणाले, “मी वर विचारतो.”

वरून उत्तर आलं की सगळेच प्रमाण भाषेत ठेवा, खलनायकासकट. भांडायची ताकद नव्हती, आणि पुढचं पुस्तक त्यांच्याकडूनच येणार होतं. एकट्या गिअरासुराला हसणार नाहीत, एवढं तरी झालं होतं. मी एकेक फुगा पुन्हा पुसला. ‘मले’चं ‘मला’, ‘काऊन’चं ‘का’, ‘मांगं’चं ‘मागे’. त्यात अख्खा दिवस गेला आणि मान धरली.

छापील प्रत आली तेव्हा नवऱ्याने ती उभ्याउभ्या चाळली.

“आता हा कुठचा आहे मंग?”

“कुठचाच नाई.”

“मार तं तेवढाच खाल्ला त्यानं.”

“हाव.”

“बरं झालं. आता मी तं नाई ना त्यात,” तो म्हणाला, आणि पुस्तक फ्रिजवर ठेवून ड्युटीचा शर्ट शोधायला लागला.